घड्याळ उतरवा, मग नदीत उतरा

लाँग वीकेंडच्या आदल्या रात्री आमच्या के. आर. पुरमला टिन फॅक्टरीच्या थांब्यावर पाच मिनिटं उभे राहिलात, तर निम्मं बेंगळुरू सहलीला निघालंय असं वाटेल. पाठीवर सॅक, पायात सँडल, हातात तिकिटाचा मेसेज उघडलेला मोबाइल. कुणी गोकर्णला, कुणी दांडेलीला. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत माझा भाचाही होता. दांडेलीजवळ गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग करायचं होतं, आणि मनगटावर होतं सासऱ्यांनी लग्नात दिलेलं स्विस घड्याळ.

"ते घरी ठेव रे," मी म्हटलं.

"मावशी, शंभर मीटरचं आहे. नदी तेवढी खोल तरी असेल का?"

सोमवारी परत आला तेव्हा घड्याळाच्या काचेला आतून धुकं धरलं होतं. सहाच्या आकड्यापाशी पाण्याचा एक थेंब टपोरा होऊन बसला होता.

तुमच्याही घरात असं एखादं घड्याळ असेल. वडिलांच्या निवृत्तीचं, पहिल्या बोनसचं, नाहीतर लग्नातलं. आणि त्याच्या मागच्या झाकणावर ३०, ५० किंवा १०० मीटर असं काहीतरी कोरलेलं असेल. त्या आकड्यावर भरवसा ठेवून तुम्ही ते तारकर्लीला, कोलाडला किंवा गोव्याच्या जेट-स्कीवर नेणार असाल, तर तो आकडा नेमकं काय सांगतो ते आधी पाहू.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. म्हणजे ३० मीटर याचा अर्थ तीन बार दाब. एवढा दाब हे घड्याळ सोसू शकतं, असं कंपनी सांगते. पण कुठे? प्रयोगशाळेतल्या यंत्रात, नवंकोरं असताना, चावी नीट बंद असताना. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे, आणि त्यात प्रत्येक नग तपासलाच पाहिजे असं बंधन नाही, नमुन्यावर काम भागतं. खऱ्या डायव्हिंगच्या घड्याळाचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. तिथे किमान १०० मीटरची अट आहे, प्रत्येक घड्याळ स्वतंत्रपणे तपासावं लागतं, तेही लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबाखाली. अशा घड्याळावर इंग्रजीत 'डायव्हर्स' असा शब्द असतो. तो शब्द नसेल तर नुसता १०० चा आकडा पाहून त्याला पाणबुड्याचं घड्याळ समजू नका.

आता एक गंमत. तुम्ही ऐकलं असेल की पाण्यात जोरात हात मारला की दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून ३० मीटरचं घड्याळ पोहताना निकामी होतं. मीही हे बरीच वर्षं लोकांना सांगत आले. गणित मांडलं तर ते टिकत नाही. जितक्या उंचीवरून पडल्यावर एखादा वेग येतो, साधारण तितक्याच खोलीच्या पाण्याएवढा जादा दाब त्या वेगाने पाण्यातून जाताना येतो. पोहताना हात सेकंदाला तीन मीटर वेगाने फिरला, तर वाढतो तो जेमतेम अर्ध्या मीटर पाण्याचा दाब. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या जेट-स्कीवरून फेकले गेलात तरी हिशेब १४ मीटरच्या आसपास येतो. पाण्यावर सपाट आपटताना पहिल्या क्षणी बसणारा फटका याहून मोठा असू शकतो, ते खरं. पण एकंदरीत, खोली किंवा दाब हा राफ्टवरच्या घड्याळाचा मुख्य शत्रू नाहीच.

मग भाच्याचं १०० मीटरचं घड्याळ वीतभर लाटांत कसं बुडालं?

उत्तर दिलं आमच्या बाजारातल्या घड्याळजींनी. हे गृहस्थ एचएमटीतून निवृत्त झालेले. बेंगळुरूत १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला, आणि त्या कारखान्यात हात बसलेली माणसं या शहरात अजून भेटतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चावी दोन बोटांत धरली आणि भाच्याकडे पाहून म्हणाले, "बसमध्ये वेळ लावलीस का?"

लावली होती. दोन दिवस घड्याळ कपाटात बंद पडलेलं, म्हणून त्याने रात्रीच्या बसमध्ये चावी ओढून वेळ जुळवली, आणि अंधारात आत ढकलली. या घड्याळाची चावी मात्र स्क्रूची. ती आत दाबून, फिरवून घट्ट बसवावी लागते. ती बसलीच नव्हती. शंभर मीटरचा दरवाजा, पण कडी लावायची राहिलेली.

चावी हा एक चोरमार्ग. दुसरा म्हणजे आतल्या रबराच्या रिंगा. झाकणाखाली, काचेखाली, चावीच्या दांडीवर अशा बारीक रिंगा असतात, पाणी अडवतात त्या याच. कुकरची रिंग काही काळाने कडक होऊन शिट्टी नीट होत नाही, तसंच यांचं होतं. ऊन, घाम, सनस्क्रीन, अत्तर, साबण, सगळं त्यांना खातं. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं घड्याळ एकदाही उघडून रिंगा बदलल्या नसतील, तर मागचा आकडा दहा वर्षांपूर्वीचा आहे असं समजा. आणि तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्यात बुडवणं वाईटच. उन्हात तासभर राफ्टची वाट पाहायची आणि मग धरणातून सुटलेल्या पाण्यात उडी मारायची, हे आपण अगदी तसंच करतो.

पाणी आत गेलं नाही तरी धक्का राहतोच. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळात एक चाक सेकंदाला सहा-आठ वेळा मागेपुढे होत असतं, आणि ते केसाइतक्या बारीक टोकांवर तोललेलं असतं. राफ्ट दगडावर आदळली किंवा वल्ह्याचा दांडा मनगटावर बसला, तर ती टोकं वाकू शकतात. महाग घड्याळ म्हणजे दणकट घड्याळ, हा आपला एक गोड गैरसमज आहे. उलट बऱ्याचदा पैसे मोजलेले असतात ते नाजूकपणाचे. आपल्याच बेंगळुरूच्या टायटनने २००२ मध्ये 'एज' काढलं, अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचं आणि तरीही ३० मीटर वॉटर रेझिस्टंट. ती कारागिरी मला फार आवडते. पण ते घालून कुणी राफ्टिंगला गेलं तर मी त्याच्याशी भांडेन.

आणि पट्टा! घड्याळ पट्ट्याला जोडून ठेवते ती काडीएवढी स्प्रिंगची पिन. डायव्हिंगच्या मानकात तिला सुमारे वीस किलोच्या ओढीची परीक्षा द्यावी लागते. राफ्टच्या कडेच्या दोरीत पट्टा अडकला आणि तुमचं वजन प्रवाहाबरोबर ओढलं गेलं, तर वीस किलो किरकोळ आहेत. पिन तुटली तर घड्याळ गेलं. पिन नाही तुटली तर मनगट अडकलं, आणि ते जास्त वाईट. धातूचा पट्टा शेजाऱ्याच्या भुवईवर बसतो तो वेगळाच. गाइड निघण्यापूर्वी अंगठ्या, साखळ्या, घड्याळं काढायला सांगतात ते याचसाठी. कृपा करून ऐका. आणि कुणाचं घड्याळ पडलंच, तर त्याच्यामागे कुणालाही पाण्यात जाऊ देऊ नका. मुलांना तर हे आधीच सांगून ठेवा.

स्विस घड्याळं पाण्यात टिकतात, याची सर्वांत गाजलेली कहाणी रोलेक्सची. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू थंडगार इंग्लिश खाडीत दहा तासांहून अधिक पोहली. किनारा गाठता आला नाही, पण तिच्याजवळचं घड्याळ चालू होतं. कंपनीने पुढच्याच महिन्यात डेली मेलच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. जाहिरात पाहणाऱ्याच्या लक्षात एक बारकावा राहत नाही, तो असा की ते घड्याळ तिच्या मनगटावर नव्हतं, गळ्यात अडकवलेलं होतं. नवंकोरं, चावी घट्ट, आणि आजूबाजूला ना खडक ना वल्हं.

आमच्या घड्याळाकडे परत येते. धुकं दिसल्यावर भाच्याने ते तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. हे करू नका. बंद घड्याळातली ओल तांदूळ बाहेरून ओढू शकत नाही, फक्त गंज चढायला वेळ मिळतो. हेअर ड्रायरही नको, उष्णतेने रिंगा आणि तेल दोन्ही बिघडतात. बॅटरीचं असो वा चावीचं, त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ते उघडणाऱ्याकडे पोचवा. समुद्राचं पाणी गेलं असेल तर तासही मोजा, कारण मीठ धातूला फार लवकर धरतं. आणि पाणी आत गेलेलं नसलं तरी समुद्रावरून आल्यावर, चावी बंद असल्याची खात्री करून, घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन पुसा.

काळीचं पाणी गोडं, म्हणून मशीन वाचलं. तबकडीवर मात्र सहाच्या आकड्यापाशी तपकिरी डाग राहिला. नवी तबकडी मागवता येईल, असं घड्याळजी म्हणाले, आणि खर्चही सांगितला. भाचा बराच वेळ गप्प बसला. सासरे आदल्याच वर्षी गेले होते. त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, तीन दुकानं फिरून ही तबकडी निवडली होती. "डाग राहू द्या," तो म्हणाला, "फक्त रिंगा सगळ्या बदला."

दिवाळीत सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी डाग पाहिला. त्याने सगळं खरं सांगितलं, बसमधल्या चावीसकट. त्या म्हणाल्या, "त्यांनी तर ते घालून भांडीसुद्धा घासू दिली नसती."

या डिसेंबरात सगळे तारकर्लीला जाणार आहेत. भाच्याने त्यासाठी रबरी पट्ट्याचं एक डिजिटल घड्याळ घेतलंय, काही शे रुपयांचं. वाजतं फार.