खोट्या आवाजाची साक्ष

वऱ्हाडात ‘गया बसला’ असं म्हणतात. सांगणारा ते सर्दीपडशाच्या सुरात सांगतो आणि ऐकणारा ज्येष्ठमध चघळायला सुचवून मोकळा होतो. सप्ताहाच्या सहाव्या दिवशी गायनाचार्यांचा गळा बसला तर गावाला त्याचं थोडं कौतुकच वाटतं. महाराजांनी जीव ओतला, असं काल्याच्या पंगतीत बोललं जातं. हमालाची पाठ गेली तर ओझं किती होतं, असं आपण विचारतो. गाणाऱ्याचा गळा गेला तर मात्र त्याने काल दही खाल्लं होतं का, असं विचारतो. या प्रश्नातच आपली लबाडी आहे.

बुलढाणा जिल्ह्यात गाणाऱ्याचं वर्ष कसं जातं ते पाहा. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती, तिथे पोवाडे. माघात शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन आणि त्याच्या आगेमागे गावोगावी पारायणं, भजनं. 14 एप्रिलला भीमजयंती. तिचे गायनाचे कार्यक्रम पुढे बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतात. त्याच चैत्र-वैशाखात, पारा चाळीस ओलांडून गेलेला असताना, अखंड हरिनाम सप्ताह. मग आषाढीची वाट, श्रावण, गणपती, नवरात्र, आणि कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. सप्ताहातला एक दिवस म्हणजे पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि वर जागर. बऱ्याच गावांत या सगळ्याला तेच तीन-चार गळे पुरवायचे असतात.

अशा गळ्यातून सगळ्यात आधी काय जातं? मोठा आवाज शेवटी जातो. आधी जातो तो वरचा, पातळ, हलका आवाज. पाश्चात्त्य संगीतात त्याला फॉल्सेटो म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशीही खोटेपणाच आहे. आपल्याकडे तो ‘खोटा आवाज’, ‘चोरटा आवाज’, आणि पुरुषाने काढला तर ‘बायकी आवाज’. तो गेला म्हणून कोणी हळहळत नाही. अनेकांना तो गेल्याचं कळतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला आपण खोटा म्हणतो तोच आवाज गळ्याची खरी हकिकत सांगतो, आणि त्याचं न ऐकल्यामुळे गळे जातात.

का, ते समजायला फार शास्त्र लागत नाही. नेहमीच्या भरीव आवाजात स्वरतंतू आपल्या पूर्ण जाडीनिशी कंप पावतात. पातळ आवाजात ते ताणले जातात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात. या कडांना सूज आली, तर ती बहुधा मधोमध येते, कारण आपटणं तिथेच सर्वांत जास्त. काळी चार पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज लागतो तेव्हा हे तंतू सेकंदाला चारशेहून अधिक वेळा एकमेकांवर आदळत असतात. मधोमध किंचित जरी फुगवटा आला तरी ताणलेल्या कडा नीट मिटत नाहीत. फटीतून हवा सुटते. हळू लावलेला उंच सूर मग उशिरा उमटतो, आधी नुसता श्वास ऐकू येतो, किंवा सूर मध्येच तुटतो. पण जोर लावला की त्याच कडा दाबून मिटवता येतात आणि मोठा आवाज निघतो. म्हणून गायक म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही, अजून टिपेला पोचतो.’ पोचतो खरा, पण सुजलेल्या कडा आणखी जोराने आपटून. जोराने सूज झाकली जाते आणि त्याच जोराने ती वाढते. पुढे गाठी होतात, आणि कधी गाताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटून आवाज तिथल्या तिथे जातो.

म्हणजे हलका उंच सूर हा फुकटातला तपासनीस आहे. पण जो आवाज कधी काढायचाच नाही असं ठरलं आहे, त्याची तपासणी कोण करणार? भजनी मंडळात कोणी पोरगा हलक्या आवाजात वर गेला की मागून हसू येतं: ‘खुलून गा, पोटातून गा.’ जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचा सातपुडा ओलांडून गेलं की खांडवा लागतं, किशोरकुमारचं जन्मगाव. त्याच्या ज्या यॉडलिंगवर आपण टाळ्या वाजवल्या, ते भरीव आवाजातून पातळ आवाजात आणि परत अशा उड्याच होत. पडद्यावर जे कसब ठरतं ते मंडपात नामर्दपणाचं लक्षण कसं होतं?

आता मंडपाकडेच वळू. माइक आला तेव्हा गळ्याचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं उलटं. सगळे भोंगे श्रोत्यांकडे आणि गावाकडे तोंड करून लावलेले. गाणाऱ्याच्या बाजूला एकही नाही. त्याच्या कानावर येतो पखवाज, वीस-पंचवीस टाळ आणि समोरच्या इमारतीवरून आदळून उशिरा परतलेला स्वतःचाच आवाज. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, त्याला ते कळतही नाही. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्येच हे नोंदवलं आणि आजही ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. गायकाला त्याचा आवाज ऐकवणारी एक पेटी, मॉनिटर, समोर ठेवली तर यातला बराच जोर वाचतो. कमानीला, लायटिंगला आणि पुढाऱ्यांच्या फ्लेक्सला पैसे निघतात. त्या पेटीला निघत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आधीचे लोक भोंग्याविना रात्र रात्र गायचे, त्यांचे गळे कसे टिकले? एक तर ज्यांचे टिकले त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. दुसरं, परंपरेने गळ्याची सोय रचनेतच केली होती. कीर्तनकार चरण म्हणतो आणि टाळकरी ते उचलतात. तेवढा वेळ त्याचा गळा विसावतो. शाहिरामागे झीलकरी असतात तेही केवळ शोभेला नाहीत. उंच सूर त्यांनी धरायचा आणि शाहिराने दम घ्यायचा. माइकने ही वाटणी मोडली. आता एकच गळा पुढे, बाकीचे मागे टाळापुरते, आणि एका अभंगात चार चाली बदलून प्रत्येक चाल आधीच्यापेक्षा वर नेण्याची चढाओढ. याला परंपरा म्हणणं हा परंपरेवरच अन्याय आहे.

आणि थोरांचे गळेही गेले आहेत. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब अमलेटाच्या राजाकडे होते. त्याच्या आग्रहाखातर अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला आणि दीर्घ काळ परतला नाही. जो परतला तो पूर्वीचा नव्हता. त्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी नव्याने उभी केली. ही गोष्ट आपण त्यांच्या प्रतिभेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती आश्रयदात्याच्या हावरेपणाचीही आहे. त्या राजाच्या जागी आज आपण बसलो आहोत: ‘महाराज, अजून एक गौळण होऊ द्या!’

सर्वांत जास्त राग येतो तो बालकीर्तनकारांच्या हौसेचा. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, त्याचा कोवळा टिपेचा सूर, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ, पुढच्या तारखा आधीच दिलेल्या. आणि नेमक्या याच वयात स्वरयंत्र वाढतं, तंतू लांब होतात, आवाज फुटतो. हा आजार नाही. पट्टी खाली आणून, कमी गाऊन हा काळ काढायचा असतो. पण जाहिरातीतला सूर टिकवायचा म्हणून त्याला जुन्याच पट्टीत रेटलं जातं. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. आवाज फुटला आणि तिथलं गाणं थांबलं. पुढे अनेक उस्तादांकडे शिकून ते गवई झाले आणि बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांचे गुरू झाले. फुटलेल्या आवाजापुढेही आयुष्य असतं, पण त्या आवाजाला नव्याने घडायला कोणीतरी वेळ द्यावा लागतो. आपण मुलाला वेळ न देता पुढचा मुलगा शोधतो.

मग गळा सांभाळायचा कसा? ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध खुशाल घ्यावं, घशाला बरं वाटतं. पण गिळलेली वस्तू स्वरतंतूंना लागतच नाही. लागली तर ठसका बसेल. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्याने आणि वाफेने. खाकरणं म्हणजे तंतू आपटणंच, त्यापेक्षा घोटभर पाणी बरं. गळा बसल्यावर कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, गप्प बसावं. कीर्तनानंतर रात्री अकराला पंगतीत पोटभर जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येऊन स्वरयंत्र पोळतं. खर्रा तर गाणाऱ्याने सोडावाच. गाण्याआधी पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून, बुडबुडे काढत हुंकार भरणं हा साधा आणि उपयोगी व्यायाम आहे. आणि रोज सकाळी एखादं चरण अगदी हळू, पातळ आवाजात वर न्यावं. नेहमीपेक्षा दोन सूर खालीच ते तुटलं किंवा नुसती हवा आली, तर त्या दिवशी पट्टी उतरवावी, काम वाटून घ्यावं. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दुर्बिणीने तंतू दाखवावेत. तंबाखू खाणाऱ्याने तर अजिबात लांबवू नये, कारण तिथे कर्करोगाचीही शंका असते. कार्यक्रम रेटण्यासाठी इंजेक्शन घेऊन उभं राहू नये. त्याने सूज तात्पुरती उतरते आणि माणूस दुखावलेल्या गळ्यावर पुन्हा गातो.

पण हे सगळं गाणाऱ्याने एकट्याने करायचं आणि आपण मांडी घालून ऐकायचं, हे चालणार नाही. गायकाने पट्टी उतरवली तर बिदागी उतरवणारे आपणच आहोत. तेव्हा सप्ताह समितीने आणि जयंती मंडळाने तारीख घेतानाच चार गोष्टी कबूल कराव्यात: गायकासमोर मॉनिटर असेल, पट्टी गायक ठरवेल, सात दिवसांना निदान दोन गायक असतील आणि दोघांनाही पूर्ण बिदागी मिळेल, आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला मुख्य गायनाला उभं केलं जाणार नाही. याला लागणारा खर्च फ्लेक्सच्या खर्चातून सहज निघेल. आणि ज्या मंडळाला हेही जड वाटत असेल, त्याने मंडपात रेकॉर्ड लावावी. रेकॉर्डचा गळा बसत नाही.