किती टाकले, किती मिळाले?

मार्च १९४४. मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपानी वेढ्यात सापडली होती. सोबतीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. खाली कातळ, त्यामुळे धड खंदक खणता येईनात, आणि पाण्याची मारामार. विमाने आली, छत्र्या उघडल्या, वेढलेल्यांनी माना वर केल्या. पण ठाणे होते एवढेसे. बहुतेक सामान पलीकडच्या उतारावर, शत्रूच्या पदरात पडले. छत्रीने उतरण्यासाठी घडवलेल्या ब्रिगेडला छत्र्यांनीच उपाशी ठेवावे, याला काय म्हणावे? २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी वेढ्यातून वाट काढली.

म्हणून हवाई रसद कुचकामी ठरत नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात आराकानात वेढलेली सातवी डिव्हिजन अशाच रसदीवर जागची हलली नव्हती. ब्रह्मदेश आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांच्याकडे रेशमी छत्र्या पुरेशा नव्हत्या. त्यांच्या माणसांनी बंगालच्या तागापासून छत्र्या शिवून घेतल्या. माणूस या छत्र्यांच्या भरवशावर सोडता येत नव्हता, पण तांदूळ, डाळ, काडतुसे खुशाल सोडता येत होती. किंमत रेशमी छत्रीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. लष्कराला असा स्वस्त उपाय सुचणे ही दुर्मीळच गोष्ट.

ही अक्कल १९६२ मध्ये कुठे गेली होती? चीन सीमेवरच्या नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड पुढे ढकलली गेली. मागे रस्ता नाही. सारा भरवसा त्सांगधरवर पडणाऱ्या गाठोड्यांवर. १४ हजार फुटांवरची ती अरुंद, उतरती जागा. कित्येक गाठोडी दरीत गडगडली, काही छत्र्या उघडल्याच नाहीत. जे मिळाले ते शोधून, पाठीवर घेऊन नदीपर्यंत उतरवायचे तर हमालही पुरेसे नव्हते. विमान रिकामे होऊन परतले की वर रसद ‘पोहोचली’ अशी नोंद होई. खाली जवान सुती कपड्यांत कुडकुडत होते. २० ऑक्टोबरला चिन्यांचा हल्ला झाला, दोन दिवसांनी दळवी कैद झाले. महिनाभरात संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले, ते या पडझडीनंतर.

आज त्या सीमेकडच्या वाटेवर सेला बोगदा झाला आहे, सी-२९५ विमाने येत आहेत. आग्र्याच्या संरक्षण संशोधन संस्थेने ५०० किलोपर्यंतचे ओझे ठरल्या जागी नेणारी, स्वतः दिशा धरणारी छत्री २०२१ मध्ये चाचणीत उतरवून दाखवली. याचे कौतुक आहेच. पण सरकारी निवेदनांत अजूनही विमाने आणि टनच मोजले जातात. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे: गेल्या हिवाळ्यात छत्रीने किती टाकले, आणि त्यातले किती जवानांच्या हाती लागले?