भाडोत्री तारका

तारे मोजायला हल्ली रात्र व्हावी लागत नाही. मोबाइल उघडला की दुकान, खाणावळ, दवाखाना, ज्याच्या त्याच्या नावाखाली पाच-पाच तारका लुकलुकत असतात, आणि शिकलीसवरलेली माणसे त्या मोजून कुठे जेवायचे ते ठरवतात. माझे म्हणणे रोखठोक आहे. ज्या साक्षीला नाव नाही, गाव नाही, ती साक्षच नव्हे!

कोणी म्हणेल, मास्तरांना जुना काळ आठवला. छे! आमचा कोकणी दुकानदार गिऱ्हाइकाला देव मानून कधीच बसला नव्हता. ‘घ्यायचे तर घ्या, नाहीतर दापोलीस जा,’ हे त्याचे अगत्य. पुणेकरांच्या बंद दुपारींना तर सारा महाराष्ट्र हसत आला आहे. पण तो उद्धटपणा उघड होता. आणि त्याच्या मापाविषयी शेजारीण जे सांगे, तेही उघड. खोटे सांगितले तर उद्या त्याच पाखाडीवर गाठ पडायची असे. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तीही नावानिशी भांडणाऱ्या माणसांच्या बळावर.

आता आंजर्ल्याची गोष्ट. कड्यावरच्या गणपतीला आणि कासवांची पिले पाहायला येणाऱ्यांना घरची दोन खोल्या देऊन, जेवू घालून काही बायाबापड्या संसार चालवतात. एका पाहुण्याने लिहिले, ‘कासवे दिसली नाहीत,’ आणि एक तारा टेकवला. जणू घरटी त्या बाईनेच फोडून दाखवायची होती! लिहिणाऱ्याचे नाव? इंग्रजी दोन अक्षरे. बाईचा हंगाम चार महिन्यांचा, आणि त्या एका ताऱ्याची छाया त्यावर पडते. उलट परराज्यातला आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून खपवणाराही पाच तारका मिरवतो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण ज्याने अस्सल फळ कधी चाखलेच नाही, त्याने प्रामाणिकपणे दिलेल्या ताऱ्याची तरी किंमत काय? शिवाय ‘पाच तारका द्या, पैसे परत घ्या’ अशी चिठ्ठी मालाच्या खोक्यातूनच निघते. पूर्वी लग्नात भाडोत्री वाजंत्री असत. पण ते निदान आपण पाहुणे असल्याचे सोंग करीत नसत.

सरकार झोपले होते असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९००० हे मानक आले. अभिप्राय देणारा खरा माणूस आहे की नाही ते पडताळा, विकतचे अभिप्राय छापू नका, असे त्यात सांगितले. आणि पाळणे मात्र ऐच्छिक ठेवले. चोराला ऐच्छिक कुलूप! अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री दंडास पात्र ठरवली.

त्या बाईंच्या ओटीवर एक वही असते. पाहुणे जाताना तीत नाव, गाव, तारीख घालून लिहितात. आमटीला मीठ जास्त झाले होते, हेही एकाने लिहिले आहे आणि खाली सही केली आहे. मुंबईत बसून खोली शोधणाऱ्याला ती वही दिसत नाही. त्याला दिसतो तो एक तारा.