मत्स्यपेटीची पाणीपातळी: भरवसा कशावर ठेवावा?

गुरुग्रामला बारमाही वाहणारी नदी नाही. २०१६ सालापर्यंत गुडगाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या नळाला येणारे पाणी यमुनेचे. कालव्यातून ते बसई आणि चंदू बुढेरा येथील जलशुद्धीकरण केंद्रांत येते आणि तेथून वसाहतींना मिळते. जिथे ते पुरत नाही, तिथे कूपनलिका आणि टँकर आहेतच. अशा या शहरात, उंच इमारतींतल्या दिवाणखान्यांत, मत्स्यपेटी हौसेने ठेवली जाते. मुलांना रंगीत मासे पाहायला मिळतात, वडीलधाऱ्यांचा वेळ चांगला जातो. पण मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, दारे-खिडक्यांच्या फटींतून लू येऊ लागली आणि पंखा दिवसभर डोक्यावर फिरत राहिला, की पेटीतले पाणी पाहता पाहता खाली जाते. नवरा-बायको दोघेही नोकरीवर, सुटीत सगळे पुण्याला नाही तर नागपूरला. मग रोज तांब्याने पाणी घालायचे कोणी?

यावर उपाय म्हणून पाणी आपोआप भरणारी साधने बाजारात मिळतात. ती सोयीची आहेत, यात शंका नाही. मात्र चुकीचे साधन निवडले तर दोन्हीकडून नुकसान होते. ते बंद पडले तर पेटी कोरडी पडू लागते. ते सुरूच राहिले तर पाणी जमिनीवर येते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतातून ठिबकते.

पाणी कमी झाले तर काय बिघडते?

पातळी थोडी खाली गेली म्हणून मासे लगेच मरत नाहीत. आधी यंत्रे बिघडतात. फिल्टरची मोटर पाण्याऐवजी हवा ओढू लागते आणि जळते. फिल्टर बंद म्हणजे पाण्यातली घाण शोषणारे उपयुक्त जिवाणूही संकटात. हिवाळ्यात धोका आणखी मोठा. गप्पी, टेट्रा, एंजल यांसारख्या उष्ण प्रदेशातल्या माशांना साधारण २४ ते २७ अंश तापमान लागते, म्हणून उत्तरेकडच्या थंडीत हीटर लावावाच लागतो. हा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला, तर त्याची काच तापून तडकू शकते आणि विजेचा प्रवाह पाण्यात उतरू शकतो.

आधी मोजा, मग खरेदी करा

दुकानात जाण्यापूर्वी एक सोपा प्रयोग करावा. पेटीच्या बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावावी आणि सात दिवस वरून पाणी घालू नये. आठवड्याने पातळी किती उतरली ते मोजावे. उतार इतका झाला की हीटर किंवा फिल्टर उघडा पडू लागेल, तर मात्र प्रयोग तिथेच थांबवावा.

हिशेब असा करावा. पेटी ९० सेंमी लांब आणि ३८ सेंमी रुंद असेल, तर पातळी १ सेंमी उतरली म्हणजे सुमारे ३.४ लिटर पाणी उडाले. आठवड्यात ३ सेंमी उतरली, तर दहा लिटरांहून थोडे जास्त. हा आकडा हाती असला की किती पाण्याची तरतूद हवी हे दुकानदाराला विचारावे लागत नाही. हा प्रयोग उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा करावा.

याच वेळी पेटीवर काचेचे झाकण आहे की नाही तेही पाहावे. हवेसाठी थोडी फट ठेवून बसवलेले झाकण पाण्याची वाफ बरीच अडवते. अनेक घरांत एवढ्यानेच काम भागते.

कोणती साधने मिळतात?

उलटी बाटली: सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार. भरलेली बाटली उलटी करून तिचे तोंड पाण्याच्या रेषेला टेकवतात. पातळी उतरली की तोंडातून हवा आत शिरते आणि तेवढे पाणी खाली येते. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नसते. मात्र खोली तापली की बाटलीतली हवा फुगून थोडे जास्त पाणी बाहेर ढकलते. लहान पेटीसाठी आणि चार दिवसांच्या गैरहजेरीसाठी ही युक्ती चांगली.

बॉलकॉक: संडासाच्या फ्लश टाकीत आणि डेझर्ट कूलरमध्ये असतो तोच प्रकार, लहान आकारात. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना कूलरचा बॉलकॉक वेगळा सांगायला नको! तरंगत्या फुग्याने पाणी अडवण्याची ही कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियातील क्टेसिबिअसच्या पाणघड्याळापर्यंत तिचा माग लावतात. विजेविना चालतो हा त्याचा गुण. पण जड पाण्याचे पांढरे क्षार त्याच्या तोंडाशी साचतात आणि तो पूर्ण बंद होत नाही. कधी एखादी गोगलगाय फुग्याखाली अडकून बसते. म्हणून तो थेट नळाला कधीही जोडू नये, कारण नळाच्या पाण्याला अंत नसतो आणि त्यात क्लोरीनही असते. वर ठेवलेल्या छोट्या डब्याला जोडावा. पितळी किंवा तांब्याचे भाग टाळावेत. तांबे गोगलगायींना आणि कोळंबीला घातक ठरते.

फ्लोट स्विच: यात लहान तरंगत्या फुग्यात लोहचुंबक असते आणि दांड्यात काचेच्या नळीतला नाजूक स्विच असतो. फुगा खाली गेला की स्विच जुळतो आणि छोटा पंप सुरू होतो. घरगुती वापरासाठी हा प्रकार सर्वाधिक चालतो. या नाजूक स्विचवर थेट २३० व्होल्टची मोटर लावली, तर सुरू होतानाच्या झटक्याने त्याची टोके एकमेकांना चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. म्हणून मोटरचा भार वेगळ्या रिलेवर हवा, किंवा १२ व्होल्टचा लहान पंप आणि त्याला पुरेल असा स्विच हवा.

प्रकाशाचा सेन्सर: याच्या टोकाला छोटा पारदर्शक लोलक असतो. तो कोरडा असताना आतला अदृश्य प्रकाश परत फिरतो. पाणी लागले की तो पाण्यात निघून जातो. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे अडकणे नाही. मात्र टोकावर शेवाळ चढले, बुडबुडे चिकटले किंवा प्रखर दिवा पडला, तर त्याची फसगत होते. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसावा.

गच्चीवरच्या टाकीसाठी मिळणारे, धातूच्या सळया पाण्यात सोडणारे कंट्रोलर मत्स्यपेटीत वापरू नयेत. सळयांतून वाहणाऱ्या प्रवाहाने त्या झिजतात आणि त्यांचा धातू पाण्यात उतरतो.

ज्या पेटीखाली फिल्टरची वेगळी टाकी असते, तिथे सेन्सर वरच्या पेटीत लावून उपयोग नाही. वरची पातळी ओसंडणाऱ्या नळीमुळे स्थिर राहते. घट दिसते ती खालच्या टाकीत, पंपाच्या कप्प्यात. सेन्सर तिथेच हवा.

भरवशाची खरी कसोटी

विक्रेता साधन कसे चालते ते उत्साहाने दाखवतो. ग्राहकाने विचारायचे ते दुसरेच: हे बंद पडले, तर काय होईल? कारण फुगा, स्विच, पंप, यांतले काही ना काही कधी तरी अडकणारच. घर सुरक्षित राहते ते पुढील चार गोष्टींमुळे.

पहिली, एकाऐवजी दोन सेन्सर. खालचा रोजच्या कामाचा, वरचा केवळ राखणदार. दोन्ही एकाच तारेत एकामागोमाग जोडलेले असावेत, म्हणजे कोणत्याही एकाने नकार दिला की पंप थांबतो.

दुसरी, वेळेची मर्यादा. पंप ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालला, तर आपोआप बंद होऊन घंटी वाजवणारा कंट्रोलर मिळत असेल तर तोच घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि फुकट आहे. साठ्याच्या डब्यात तेवढेच पाणी ठेवावे, जेवढे पेटीच्या वरच्या मोकळ्या जागेत मावेल. वरच्याच पेटीत पाण्याच्या रेषेपासून काठापर्यंत ५ सेंमी जागा असेल, तर तिथे १७ लिटर मावतात. मग साठा १५ लिटरांचा ठेवावा. सगळी साधने एकदम बिघडली आणि सगळा डबा रिकामा झाला, तरी जमिनीवर थेंब पडणार नाही. खाली फिल्टरची टाकी असेल, तर वीज गेल्यावर वरून उतरणाऱ्या पाण्याची जागाही हिशेबात धरावी.

चौथी, नळीची जागा. पंपाचा डबा पेटीच्या पाण्याहून खाली ठेवावा आणि नळीचे टोक पाण्याच्या वर, हवेत राहील असे पक्के बांधावे. डबा वर असेल, तर पंप थांबल्यावरही पाणी सायफनने वाहत राहते. टोक पाण्यात बुडाले असेल, तर पेटीतलेच पाणी उलटे डब्यात येते.

विजेबाबत हयगय नको. गुरुग्रामच्या वसाहतींत वीज गेली की जनरेटर सुरू होतो. अशा ये-जा नंतर कंट्रोलर आपोआप पूर्ववत होतो का, हे मुख्य स्विच बंद-चालू करून पाहावे. पेटीच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाताना आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोहोचत नाहीत.

कोणते पाणी घालावे?

वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार पेटीतच राहतात. त्यात पुन्हा कूपनलिकेचे जड पाणी घालत गेले, तर क्षार वाढतच जातात. म्हणून घट भरून काढण्यासाठी घरातल्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी उत्तम. त्या यंत्राच्या सांडणीच्या नळीतले पाणी मात्र मुळीच नको. आणि घट भरली म्हणजे पाणी बदलले असे होत नाही. दर आठवड्याला पाचवा ते चौथा हिस्सा पाणी काढून, क्लोरीन घालवलेले ताजे पाणी घालण्याचे काम तसेच राहते.

साठ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवे. स्वच्छ, साचलेले पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला आवडते आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून नवा डास तयार होतो. पेटीतल्या अळ्या मासे खातात. डब्यात मासे नसतात.

गावी जाण्यापूर्वी

नवे साधन प्रवासाच्या आदल्या दिवशी बसवू नये. निदान दोन आठवडे आधी बसवावे आणि पहिला आठवडा बादलीत चालवून पाहावे. फुगा बोटाने दाबून धरावा, उचलून धरावा, वीज घालवून पाहावी. मग पेटीत लावावे. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे ठेवता, त्यांना चिठ्ठी लिहून द्यावी: पाणी चिकटपट्टीच्या खाली गेले किंवा काठाला आले, तर पंपाचा प्लग काढून फोन करावा, खाणे घालू नये. मोठे, निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, पण दयेपोटी घातलेले मूठभर खाणे पाणी सडवते.

पेटी दोन फुटांहून लहान असेल आणि घरी रोज कोणी ना कोणी असेल, तर यातले काहीच घेऊ नये. काचेचे झाकण, चिकटपट्टीची रेषा आणि सकाळच्या चहाच्या वेळी तांब्याभर पाणी घालण्याचे काम मुलांपैकी एकाकडे सोपवले, की पुरे.