दगडाचे बारसे

दिवाळीची आवराआवर म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची खानेसुमारीच. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या माळ्यावरून त्याच्या आजोबांची धोकटी निघाली. आत दोन वस्तरे, एक कातडी पट्टा आणि टीचभर लांबीचा, हिरवट करडा, गुळगुळीत निसणा.

पोराने त्याचा फोटो दोघा जाणकारांना पाठविला. एकाने पाच मिनिटांत बारसे उरकले : "अमेरिकेतल्या आर्कान्साचा दगड. मोठी किंमत येईल." दुसरा म्हणाला, "छे ! जर्मनीतल्या थुरिंगियाचा असता तर वर छापील कागद असता. तो नाही, म्हणजे गावठी. फेकून दे." दोघांपैकी एकानेही दगडाला बोट लावले नव्हते. पोर मात्र एका दिवसात सावकार झाला आणि कफल्लकही. बहिणीच्या फीचा हिशेब त्याने मनातल्या मनात या दगडावर मांडला होता.

फोटोवरून बारसे करणाऱ्या या मंडळींशी माझे भांडण आहे. मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे, साधा मॅट्रिक मास्तर. पण शाळेतले ज्ञान इथे पुरते. आर्कान्साचा दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध गारगोटी. त्यावर पोलादी टोक ओढले तर दगडाला चरा पडत नाही. उलट पोलादच झिजून करडी रेघ उमटते. मी कर्कटकाचे टोक पोराच्या दगडाच्या कडेला ओढले. बारीक चरा पडला. आर्कान्सा बाद ! राहिली ती पाटीच्या दगडाची जात. आम्ही ज्यावर अक्षरे गिरवली तीच.

मग तो थुरिंगियाचाच का ? तेही सांगता येत नाही. पाटीचा दगड जर्मनीत निघतो तसा वेल्समध्येही निघतो. खुद्द थुरिंगियाचे दगड कुठे गर्द निळे, कुठे फिकट हिरवे. जुने व्यापारी त्यांवर कागद डकवीत, हे खरे. पण कागद पाण्याने सुटतो, आणि या दगडाचा उपयोग तर पाण्यानेच होतो! बेल्जियममधल्या आर्डेनच्या पिवळ्या दगडाचीही अशीच परवड. त्याच्या शिरा पातळ, दगड ठिसूळ; म्हणून खाली पाटीचा तुकडा चिकटवून त्याला बळकटी देतात. हे ठाऊक नसलेला पंडित सांधा दिसताच "नकली !" म्हणून ओरडतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, अनुभवी डोळ्याला फोटो पुरतो." अंदाजाला पुरेल, निकालाला नाही. वैद्यसुद्धा नाडी धरल्यावाचून पुडी देत नाही. खरा जाणकार आधी 'हा अमुक नव्हे' एवढेच सांगतो. दगड पाण्याने घासून सुटणारा चिखल पाहतो, चरा पाहतो, आणि अखेरचा शब्द वस्तऱ्यावर सोपवितो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराने या 'गावठी' दगडावर वस्तरा लावला आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी माझी दाढी केली. गालाला आग म्हणून झाली नाही.

पोराची आजी हे सारे ओसरीवरून पाहत होती. तिला कोणीच काही विचारले नव्हते. मी विचारले. ती म्हणाली, "मुंबईला हत्यारांच्या दुकानातून आणला होता यांनी. त्या महिन्यात घरात दूध बंद होते, मास्तर." खाणीचे नाव तिला ठाऊक नव्हते, दगडाची किंमत मात्र तिलाच ठाऊक होती.

मी पोराला म्हटले, "विकायचा तर खुशाल वीक. पण आजीचे शब्द कागदावर लिहून सोबत दे, आणि खाणीच्या जागी 'ठाऊक नाही' असे लिही." त्याने दगड ठेवला. फीचे आम्ही दोघांनी दुसरीकडून जमविले.

वाचकहो, यंदा माळा झाडताना असा एखादा दगड हाती आला, तर फोटो मागाहून काढा. आधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसापाशी जाऊन बसा. त्यांना विचारण्याची संधी दर दिवाळीला मिळतेच असे नाही.