कुपोषणाच्या हिशेबात न आलेले दात

जव्हार आणि मोखाडा ही नावे वृत्तपत्रांत झळकतात ती बहुधा कुपोषणाच्या संदर्भातच. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. तेव्हापासून मुलांचे वजन, उंची, दंडाचा घेर यांच्या नोंदी होत आल्या. मुलाच्या तोंडात मात्र क्वचितच कोणी डोकावले. वास्तविक किडलेल्या दाढेने रात्रभर ठणकणारे मूल सकाळी नाचणीची भाकरी चावू शकत नाही. आधीच अशक्त असलेल्या मुलाच्या बाबतीत ही दुखणी किरकोळ मानता येत नाहीत.

दातांची कीड ही शहरी सुखवस्तूंची व्याधी, हा समजही फसवा आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ असे म्हणून पालकच नव्हे, तर काही डॉक्टरही त्यांकडे काणाडोळा करतात. परंतु दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावण्याचे काम करतात आणि कायमच्या दातांची जागा राखतात. त्यांच्या मुळाशी झालेला पू खालच्या कोवळ्या दातालाही इजा करू शकतो.

कीड दाताच्या गरापर्यंत पोहोचली की रूट कॅनल उपचाराचा प्रश्न येतो. दुधाच्या दातांची मुळे कालांतराने विरघळतात. त्यामुळे प्रौढांसाठी वापरले जाणारे गट्टा-पर्चा तेथे चालत नाही, मुळांबरोबर विरघळणारेच मिश्रण भरावे लागते. संसर्ग मुकुटापुरता मर्यादित असेल, तर केवळ वरचा गर काढूनही दात वाचतो. तथापि या उपचाराला क्ष-किरण यंत्र, भूल, प्रशिक्षित हात आणि अनेकदा एकाहून अधिक फेऱ्या लागतात. पाड्यावरून तालुक्याच्या गावी येणाऱ्या मजुराला प्रत्येक फेरीमागे दिवसाची मजुरी गमवावी लागते. अशा वेळी दात उपटणे हाच सोपा मार्ग ठरतो. म्हणजे कोणता उपचार मिळणार, हे व्याधीच्या अवस्थेपेक्षा अंतरावर ठरते.

यावर तोडगा नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. यांतील शेवटचे द्रावण कीड लागलेल्या जागी लावले की ती बहुतांशी थांबते. दात काळा पडतो, पण ड्रिलची गरज भासत नाही. हातातील साध्या अवजारांनी कीड खरवडून सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली, ती विजेविनाही चालते. अर्थात गरापर्यंत गेलेल्या किडीला हे उपाय पुरत नाहीत. म्हणूनच ते वेळेवर व्हायला हवेत.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतविकारांची तपासणी समाविष्ट आहे. पण तपासणीनंतर केवळ चिठ्ठी हाती दिल्याने दात बरा होत नाही. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. मुलेही त्यांच्यासोबत जातात. तेव्हा उपचारांचे वेळापत्रक स्थलांतरापूर्वीच्या महिन्यांशी जुळवले पाहिजे. आश्रमशाळांत तर मुले एकाच ठिकाणी राहतात. तेथे रोज फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, किडीवर द्रावण लावणे आणि गंभीर मुलांना एकत्रितपणे रुग्णालयात नेणे अशक्य नाही. कुपोषणावर खर्च होणाऱ्या आहाराचा घास मुलाला चावताच येत नसेल, तर त्या खर्चाचा हिशेब अपुराच राहणार.