रावपुऱ्यातली रापी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला जाऊन आले. आमची धाकटी मावशी लग्न होऊन तिकडे गेली, त्याला चाळीस वर्षं झाली. रावपुऱ्यात तिचं घर आहे. बडोद्यात मराठी माणसाला परकं वाटत नाही असं म्हणतात, ते रावपुऱ्यात खरोखर पटतं. १८९६ साली बांधलेला चिमणाबाईंच्या नावाचा घड्याळाचा टॉवर, आजूबाजूला गुजराती पाट्या, आणि वरच्या गॅलरीतून "अगं, दूध आलं का?" अशी हाक. आपल्याकडे जसं घरात मराठी आणि बाजारात कन्नड, तसंच त्यांचं घरात मराठी आणि बाजारात गुजराती. मावशी भाजीवाल्याशी एका भाषेत घासाघीस करते आणि लगेच वळून माझ्याशी दुसऱ्या भाषेत बोलते. मला तर आपल्याच गावात असल्यासारखं वाटलं.

पण आज सांगायचंय ते काकांबद्दल. काका बँकेतून निवृत्त झाले आणि बहुतेकांसारखे आधी दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रं वाचून कंटाळले. मग त्यांनी एक छंद धरला. मागच्या गॅलरीत एक जुनं टेबल, त्यावर संगमरवराचा एक तुकडा, भिंतीला खिळे ठोकून टांगलेली हत्यारं, आणि सगळीकडे कातड्याचा वास. काका पाकिटं शिवतात, किल्ल्यांचे पट्टे करतात, चष्म्याची घरं करतात. बाजारात विकत नाहीत, लग्नामुंजीत भेट देतात.

सुरुवातीला घरात बरंच वाजलं होतं म्हणे. मावशीच्या सासूबाई पंच्याऐंशी वर्षांच्या. "आपल्या घरात कातडं कशाला?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. शेवटी काका म्हणाले, "आई, तुमच्या भजनात देवासमोर जो मृदंग वाजतो, तो कशाने मढवलेला आहे?" आजी गप्प बसल्या. आता त्यांच्या जपमाळेची पिशवी काकांनी शिवलेली आहे. देवघरात मात्र त्या कापडाचीच नेतात. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस एवढं बदलला, हेही कमी नाही.

मी चार दिवस काकांची शागीर्द झाले. जे शिकले ते तुम्हालाही सांगते.

पहिली गोष्ट कातड्याची ओळख. आपल्याला बाजारात दोन प्रकारचं कातडं मिळतं. एक झाडपाल्यावर कमावलेलं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. हे कातडं जरा ताठ असतं, रंगाने फिकट तपकिरी, आणि वापराने गडद होत जातं. त्यावर नक्षी उठते, कडा घासून चमकतात. दुसरं क्रोमवर कमावलेलं. ते मऊ असतं, पर्स आणि जाकिटासाठी चांगलं, पण त्यावर ठशाची नक्षी नीट बसत नाही. शिकणाऱ्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी. पाकिटाला एक ते दीड मिलिमीटर जाडी पुरे, किल्ल्यांच्या पट्ट्याला दोन, कमरेच्या पट्ट्याला तीन ते चार. मोठं कातडं घेऊ नये, कारखान्यातून उरलेले तुकडे वजनावर मिळतात, ते घ्यावेत.

हत्यारं थोडी लागतात. कापायला रापी किंवा चांगलं कटर. भोक पाडायला आरी. स्टीलची पट्टी, कारण प्लॅस्टिकची पट्टी पात्याने कापली जाते आणि पातं घसरतं. शिवणीची रेघ मारायला कंपासपेटीतला डिव्हायडर चालतो. सारख्या अंतरावर खुणा करायला दातांचा काटा, लाकडी हातोडी, दोन बोथट सुया आणि मेण लावलेला दोरा. काकांनी पहिल्या वर्षी एवढ्यावरच काम केलं.

शिवण दोन सुयांची असते. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एक-एक सुई ओवायची, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार करायच्या. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यावा. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. म्हणूनच हाताने शिवलेली वस्तू वर्षानुवर्षं टिकते.

नक्षी काढायची असेल तर कातडं ओल्या स्पंजाने भिजवायचं आणि थांबायचं. मला घाई झाली, मी लगेच ठसा मारला, तर आकार पसरून गेला. "पाणी आत जाऊ दे, वरचा मूळ रंग परत यायला लागला की मार," काका म्हणाले. शेवटी कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या, थोडं पाणी किंवा पातळ डिंक लावायचा आणि लाकडाच्या गुळगुळीत दांडीने चोळत राहायचं. कडा काचेसारखी चमकायला लागते. हे काम मुलांना फार आवडतं.

आता सावधगिरी. मी दुसऱ्याच दिवशी डाव्या अंगठ्यावर रापी मारून घेतली, म्हणून हे जरा अधिकाराने सांगते.

बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. म्हणून पातं धारदार ठेवावं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असावा, पुढे कधीच नको. जाड कातडं एका दमात कापू नये, दोन-तीन हलके घाव घ्यावेत. हत्यार टेबलावरून पडलं तर झेलायला जाऊ नये, पाय मागे घ्यावा. आरीचं टोक बुचात खोचून ठेवावं. बारा वर्षांखालच्या मुलांना कापायचं काम देऊ नये, त्यांना ठसे मारू द्यावेत, कडा घासू द्याव्यात. कापलंच तर स्वच्छ फडक्याने दाबून हात वर धरावा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याला किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगावं.

न दिसणाऱ्या दोन गोष्टी जास्त घातक आहेत. एक म्हणजे कडा घासताना उडणारी धूळ. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कातड्याची धूळ ही कर्करोगाला कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे. म्हणून मास्क लावावा आणि टेबल झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावं. दुसरी म्हणजे चिकटवायचं सोल्युशन. त्यातल्या द्रवाची वाफ डोकं दुखवते, ती पेटही घेते. काही सोल्युशनमध्ये हेक्झेन नावाचा द्रव असतो. तो रोज, बंद खोलीत, वर्षानुवर्षं श्वासात गेला तर हातापायांच्या शिरा बधिर होतात. जपानमध्ये आणि इटलीत चपला करणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार दिसून आलेला आहे. खिडकी उघडी ठेवायची, जवळ गॅस-निरांजन नको. आणि क्रोमच्या कातड्याचे तुकडे बंबात जाळू नयेत, त्यांचा धूर आणि राख दोन्ही वाईट.

परत आल्यावर मी पाकीट पूर्ण केलं आणि कॉलेजात घेऊन गेले. सहकाऱ्यांनी कौतुक केलं. मग उत्साहाने वर्गातही दाखवलं. "हाताने काम करायला लाजू नका," वगैरे दोन शब्दही बोलले. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना चपला करायला शिकले, १९१४ साली तिथून निघण्याआधी त्यांनी एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला आणि स्मट्सनी तो १९३९ मध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला परत पाठवला, ही गोष्ट सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर एक मुलगा दाराशी थांबला. हुशार, पण कमी बोलणारा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिवलं की छंद. आमचे वडील शिवतात ती जात." आणि निघून गेला.

मला काही सुचलं नाही. संध्याकाळी त्याचा प्रवेश अर्ज काढून पाहिला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात 'व्यापार' असं लिहिलं होतं.

मग बडोदाच आठवलं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली तिथे कलाभवन काढलं, हाताची कला शाळेत आणली. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. राहायला कुणी जागा दिली नाही, पारशी विश्रांतीगृहातून हाकलले गेले, आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांना रडू कोसळलं. ती बाग काकांच्या घरापासून जवळ आहे. मी तिथे सकाळी फिरायला गेले होते. राजाने शिकवलं, पण गावाने राहायला खोली दिली नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी वर्गात पाकीट दाखवताना आठवलं नाही.

आपल्या भागात तर हे आठवायला बडोद्यापर्यंत जायलाही नको. बाराव्या शतकात कल्याणमध्ये समगार हरळय्या शरण झाले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मांनी आपल्याच मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पादत्राणं केली, ही कथा कन्नड घरात लहान मुलालाही ठाऊक असते. मराठी घरात संत रोहिदासांचं नाव घेतात. हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लागलं, आणि त्याबद्दल दोन्ही बापांना देहदंड झाला. कायक म्हणजे काम हीच पूजा, असं आपण भाषणात म्हणतो. ती पूजा करणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवतो.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाच्या वडिलांच्या दुकानात गेले. आधी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "या की." दुकान म्हणजे सहा-सात फुटांची खोली. पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, दोरा ओढताना तुमचा हात सारखा नाही. आणि आरी सरळ घातलीय, जरा तिरकी घाला." शेवटचे सात-आठ टाके उसवले आणि पुन्हा घालून दाखवले. माझ्या चार दिवसांच्या शिकवणीपेक्षा त्या पाच मिनिटांत जास्त कळलं. पैसे घेईनात. मग मी चपलांचा जोड सांगितला आणि त्यांनी सांगितलेल्या किमतीला घेतला.

बोलता बोलता त्यांनी बोटं चोळली. म्हणाले, "मुंग्या येतात हल्ली. वय झालं." खोलीला मागची खिडकी होती, ती सामानाने बंद. कोपऱ्यात सोल्युशनचा उघडा डबा. मी काकांच्या गॅलरीत तासभर बसते, हा माणूस तीस वर्षं दिवसाचे दहा तास त्या वासात बसतोय. मी डॉक्टर नाही, पण जे वाचलं होतं ते सांगितलं. आता खिडकी मोकळी झाली आहे, डब्याला झाकण आलं आहे, आणि चिकटवायचं काम ते बाहेर छपराखाली करतात. दवाखान्यात जाऊन आले, तपासण्या चालू आहेत.

जानेवारीत कॉलेजात एक दिवसाची कार्यशाळा घेतली. इतर पाहुण्यांना देतो तेवढंच मानधन त्यांना दिलं. सव्वीस मुलामुलींनी किल्ल्यांचे पट्टे केले, दोघांची बोटं किरकोळ कापली. त्यांचा मुलगा मागच्या बाकावर बसला होता. हे आपले वडील आहेत असं त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ते कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. इथे लिहिण्याआधी दोघांना विचारलं आहे, आणि म्हणूनच नाव-गाव दिलेलं नाही.

वाचकहो, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडलो, चपलेने मात्र दोन्ही राज्यांना एका कागदावर आणलं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये मांडल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. तेव्हा आपण सगळे रागावलो. रागवायलाच हवं होतं. पण आपल्या पेठेतल्या कारागिराचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना हा छंद जरूर लावा. पण हत्यारं विकत घेण्याआधी त्यांना जवळच्या कारागिराच्या दुकानात न्या, नमस्कार करायला लावा आणि शिकवणीचे पैसे द्या. आणि हो, खिडकी उघडी आहे का तेही बघून या.